दुपारी बंद पडणारा, संध्याकाळी गार करणारा एसी

“मामा, गाडीच्या एसीत गॅस कितव्यांदा भरला?”

“तिसऱ्यांदा. दोन उन्हाळ्यांत तीनदा. अन् परत तेच व्हायलंय. निघताना बर्फावानी गार, पाथरीला चहाला थांबलो की खलास. घरी येईस्तोर खिडक्या उघड्या. सांजच्याला लावला की पुन्हा चालू. कामून असं?”

मामा गंगाखेडकडचे. सात सीटची डिझेल गाडी भाड्यानं चालवतात. परभणीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि मार्च सरला की दिवसाआड एक गाडी हेच गाऱ्हाणं घेऊन दारात येते. एसी बंद पडला की माणूस आधी गॅसवाल्याकडं जातो. गॅसवाला गॅस भरतो, तोवर इंजिन निवलेलं असतं, एसी चालतो, पैसे देऊन माणूस घरी जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय. घरी बोनेट उघडायची सवय असलेल्या माणसाला यातलं निम्मं स्वतः तपासता येईल.

आधी गॅसचा संशय फेडून घेऊ. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय, आणि जिथं गळतो तिथं बहुतेक वेळा तेलकट, धूळ बसलेला डाग दिसतो, कारण गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, म्हणजे कंप्रेसरचं, तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झालेली गाडी आठवड्या-आठवड्यानं कमी गार होत जाते. दुपारी रुसून संध्याकाळी आपोआप बरी होत नाही. गॅस भरताना नळ्यांत ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे गॅस बारीक भोकातून सुटतो तिथं, बर्फ धरून गारवा येतो-जातो, हे खरं. पण तेव्हा कंप्रेसर फिरत असतो. म्हणून पहिला प्रश्न तोच: गार हवा थांबली त्या क्षणी कंप्रेसर फिरतोय का?

हे बघायला मीटर लागत नाही. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) चालू ठेवा, बोनेट उघडा आणि कंप्रेसरच्या तोंडाकडं बघा. हात, रुमाल, ओढणी पट्ट्यापासून लांब. पट्ट्यावरची पुली कायम फिरते, तिच्याकडं बघून फसू नका. पुलीच्या पुढं एक चपटी प्लेट असते. कंप्रेसरच्या क्लचनं (हा गिअरचा क्लच नव्हे) ओढली तरच ती फिरते. प्लेट फिरतेय आणि तरी हवा गरम, तर गॅसवाल्याकडं जा. प्लेट थांबलेली आहे, तर दुखणं करंटचं असण्याची शक्यता मोठी. गॅस फारच कमी किंवा फारच जास्त झाला तरी प्रेशर स्विच क्लचचा करंट तोडतो, म्हणून एकदा प्रेशरचं गेज लावून घ्यावं. इंजिन बंद असताना ४० अंश तापमानाला आर-१३४ए गॅस साधारण १३० पीएसआय दाखवतो. तेवढा दाखवला म्हणजे आत गॅस आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. किती पाहिजे ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं आणि तो वजन करूनच भरायचा असतो. “थोडा जास्तच टाकलाय साहेब” असं कुणी कौतुकानं सांगितलं तर समजायचं की त्यानं वाढीव एक दुखणं दिलं.

मामांना मी सांगितलं, “गाडी ठेवून जातो म्हणू नका, दोन वाजता घेऊन या आणि थांबा.” दुपारी दोनला, मे महिन्यात, परभणीत. पारा ४२ च्या वर. एसी लावून गाडी अर्धा तास उभ्यानं चालवली. गारेगार. मग पाथरीच्या चहाची नक्कल केली: इंजिन बंद, बोनेट बंद, पंधरा मिनिटं. चालत्या गाडीपेक्षा आत्ताच बंद केलेल्या गाडीचं बोनेट जास्त तापतं, कारण पाणी फिरणं थांबतं, पंखा थांबतो आणि इंजिनची सगळी धग वर येते. पुन्हा स्टार्ट केली. बटणावरचा दिवा लागला, पुढचा पंखा फिरला, प्लेट मात्र जागची हलली नाही. दुखणं समोर उभं राहिलं. हाच क्षण गॅसवाल्याला तिन्ही वेळा दिसला नव्हता.

आता मीटर. इथं नवशिक्या पोरांची एक चूक नेहमी होते. क्लचचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढतात, मीटरची टोकं त्यात घालतात, १३.९ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, “करंट बरोबर येतोय, क्लच गेला.” मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. दहातली एक तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्ट दाखवते. आपल्या नळाला रात्री पाणी नसतं तरी तोटी उघडली की फुस्स करून चार थेंब येतात, त्यातला प्रकार. कपलर जोडलेलाच ठेवायचा, मागून बारीक पिन घालून मोजायचं. किंवा मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून कपलरला जोडायचा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर लाइन धडधाकट, पिवळट मिणमिणला तर वाटेत कुणीतरी व्होल्ट खातंय. माझ्याकडं असा बल्ब खिळ्याला टांगलेला आहे. मीटर तीन झाले, तो एकच आहे. फक्त हा बल्ब इंजिनच्या कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या सेन्सरच्या बारीक वायरींना लावायचा नाही, तिथं तेवढा करंट ओढला तर कॉम्प्युटरच जायचा.

मामांच्या गाडीत बॅटरीवर १३.९ आणि क्लचवर ११.८. दोन व्होल्ट वाटेत गेले. अर्थिंगकडं, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जातो त्या वाटेकडं, बघितलं: मीटरचं लाल टोक कंप्रेसरच्या अंगाला, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.०८ व्होल्ट. इथं ०.२ च्या आत आलं की मी अर्थिंगला सोडून देतो. त्याहून जास्त आलं तर इंजिन ते बॉडीचा जाड पट्टा आणि त्याचे नट आधी. म्हणजे चोरी प्लसच्या बाजूला. फ्यूजच्या दोन्ही डोक्यांवर १३.८, ठीक. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर क्लचचा करंट जोडणारी-तोडणारी डबी) काढून हॉर्नचा सारखाच रिले तिथं बसवला, फरक शून्य. रिलेत शिरताना १३.८ आणि बाहेर पडून वायरीत ११.९. रिले बदलूनही तेच, म्हणजे दोष रिलेत नव्हता, तो जिथं बसतो त्या सॉकेटात होता.

फ्यूज बॉक्स उलटा केला. ८७ नंबरच्या, म्हणजे रिलेतून करंट बाहेर सोडणाऱ्या, पिनेचा पितळी जबडा फाकलेला, निळसर करपलेला, आणि भोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तांबूस. कारणही तिथंच दिसत होतं. कुणीतरी रिले काढून त्या जबड्यात जाड वायर कोंबून क्लच ‘डायरेक्ट’ करून बघितला होता. वायर काढली, जबडा तसाच फाकलेला राहिला. त्यात रिलेची पिन सैल बसायची, सैल जागी तापायची, तापली की आणखी सैल व्हायची. क्लच चालू असताना त्या एका पिनेवर पाच वॅटच्या आसपास उष्णता निघत होती. डायरेक्ट करायचंच असेल तर रिलेच्या पिनेच्याच रुंदीचं चपटं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची पिन) वापरा. वायरीचा गोळा कोंबू नका. हे मी माझ्या हाताखालच्या पोराला महिन्यातून एकदा तरी ओरडून सांगतो.

नवा जबडा वायरीवर दाबून बसवला (क्रिंप केला). आता सगळं बरं म्हणून पान्हा खाली ठेवता आला असता, पण मनाला पटेना. चांगल्या क्लचनं ११.८ व्होल्टवरसुद्धा प्लेट ओढायला पाहिजे. म्हणून इंजिन बंद करून, तापलेलं असतानाच, बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून क्लचला सरळ करंट दिला. पूर्ण बॅटरीचा करंट. ‘टक’ आवाज आला पाहिजे. आला नाही. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं प्लेट हलकीच आत ढकलली तर टक करून चिकटली आणि चिकटूनच राहिली. करंट काढला, सुटली. पुन्हा दिला, पुन्हा मुकी.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून प्लेट आणि पुली यांच्यातली फट मोजली. एका बाजूला ०.८ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ०.९५. बहुतेक गाड्यांत ती ०.३ ते ०.६ च्या दरम्यान असते. नेमका आकडा त्या कंप्रेसरच्या माहितीत बघायचा. प्लेट झिजली की फट वाढते. क्लच म्हणजे विजेचा लोहचुंबक. तांब्याची कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स दर अंशाला शेकडा ०.४ च्या आसपास वाढतो. मामांची कॉइल सकाळी ३.६ ओहम होती, तापल्यावर ४.५ झाली. तितका करंट कमी, आणि करंट कमी झाला की ओढ त्याहून जास्त पटीनं घटते. फट वाढलेली, ओढ घटलेली, प्लेट लांब. एकदा चिकटली की मग थोड्या करंटावरही धरून ठेवता येतं, कारण फट उरतच नाही. म्हणून निघताना लागलेला एसी पाथरीपर्यंत चालायचा. चहाला थांबून सुटला की तापलेल्या कॉइलला प्लेट परत ओढवायची नाही. संध्याकाळी इंजिन निवलं की पुन्हा ओढायची. मामांच्या ‘कामून’चं उत्तर एवढंच होतं.

प्लेटच्या मागं पातळ शिम, म्हणजे चकत्या, असतात. एक काढली, फट ०.४५ वर आली. गरम इंजिनावर लागोपाठ दहा वेळा टक, टक. यात नवा कंप्रेसर लागला नाही, नवा क्लचही नाही. फाकलेला जबडा एकटा असता तर कदाचित आणखी एक उन्हाळा निघाला असता. वाढलेली फट एकटी असती तरी निघाला असता. दोन अर्धे दोष एकत्र आले आणि भरपाई तिसराच करत होता, गॅस. जास्तीचा गॅस दुसऱ्या दुकानातून काढून वजनावर परत भरून घेतला. जाताना मामांनी तो करपलेला जबडा कागदात बांधून मागून घेतला. गॅसवाल्याला दाखवायचा होता म्हणे.

सगळ्या गाड्यांचं दुखणं हेच नसतं. पण काही लक्षणं इतक्या वेळा बघितलीत की फोनवरच सांगता येतात.

रस्त्यावर गार आणि रेल्वे फाटकावर गरम: पुढचा पंखा. गाडी पळत असताना वारा कंडेन्सरला (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅस गार करणारी जाळी) गार करतो, थांबली की पंख्यावरच भिस्त. पंखा फिरला नाही तर प्रेशर चढतं आणि साधारण ३० बारच्या वर गेलं की स्विच क्लच तोडतो. फाटकावर बंद पडला की कंडेन्सरवर बाटलीभर पाणी ओता. मिनिटाभरात गार हवा आली तर रोग कळला. पंख्याच्या मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे तुकडे) झिजले की तो एका ठरावीक जागी अडकतो. इंजिन बंद करून मोटरच्या पाठीवर लाकडानं टकटक केल्यावर पुढच्या वेळी सुरू झाला, तर कार्बनच. थांबलेल्या पंख्यात मात्र हात घालू नका, बंद गाडीतही किल्ली चालू असली तर तो कधीही सुटतो. पंखा ठीक असेल तर कंडेन्सर बघा. जिनिंगच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीवर डिसेंबर-जानेवारीत कापसाची अक्षरशः गोधडी बसते. आतून बाहेर, हलक्या पाण्यानं धुवायची. प्रेशर पंपाची धार जवळून मारली तर पत्रे वाकतात.

ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर मुका: रेझिस्टर (करंट अडवून ब्लोअरचा वेग कमी करणारा पार्ट) जळालाय. चारवर करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो, म्हणून तेवढं चालतं. स्वस्त पार्ट आहे, बदलायला अर्धा तास. पण तो का जळाला हे न बघता बदलला तर दोन महिन्यांत परत येणार. ब्लोअरची मोटर धुळीनं जड फिरत असेल किंवा केबिन फिल्टर तुंबला असेल तर रेझिस्टर तापतो, कारण त्याला गार ठेवणारा वाराच नसतो. कपलर वितळलाय का तेही बघा. आमच्याकडच्या मातीच्या रस्त्यांना कंपनीनं सांगितलेलं फिल्टरचं अंतर लागू पडत नाही. मी निम्म्यावर बदलायला सांगतो.

तासभर छान, मग हवा हळूहळू कमी होत बंद, थांबवून दहा मिनिटांनी लावला की गाडीखाली धो धो पाणी आणि एसी पुन्हा बरा: कूलिंग कॉइलवर (आतली हवा गार करणारी जाळी) बर्फ धरतोय. कॉइलजवळचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, तीन-चार अंशांना क्लच सोडवतो. तो चुकीचं सांगायला लागला किंवा जागेवरून निसटला की कंप्रेसर थांबतच नाही. ओली हवा असते त्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे जास्त दिसतं. मोठमोठ्या एसी दुकानांत याच लक्षणावर कूलिंग कॉइल बदललेल्या गाड्या माझ्याकडं आल्यात, त्यावर जास्त बोलत नाही.

एसी लावला त्याच क्षणी फ्यूज उडतो: क्लचचा कपलर काढून नवा फ्यूज लावा आणि एसी सुरू करा. आता फ्यूज टिकला तर कॉइल शॉर्ट आहे किंवा तिच्याजवळचा डायोड. हा डायोड क्लच सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका गिळतो. तो शॉर्ट झाला की फ्यूज उडतो, आणि कुणी तो कापून टाकला तर फ्यूज टिकतो पण तो झटका रिलेवर नाहीतर कॉम्प्युटरवर जातो. नवा बसवताना पट्टीची बाजू प्लसकडं. उलटा लावला की पुन्हा फ्यूज. आणि फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळणाऱ्यांना दंडवत. माझ्या डोळ्यांसमोर एका गाडीचं निम्मं हार्नेस (वायरींचा जुडगा) त्या चांदीनं वितळलं.

प्रेशर स्विचचा कपलर काढून त्यात वायरीचा तुकडा घालणं, हाही आमच्याकडचा लाडका जुगाड. दोन पिनांच्या स्विचवर सेकंदभर लावून क्लच ओढतो का बघायला हरकत नाही. पण तसाच ठेवून गाडी दिली तर गॅस गळालेल्या दिवशी कंप्रेसर बिनतेलाचा फिरत राहतो आणि जाम होतो. तीन पिनांचा सेन्सर असेल तर हे अजिबात करायचं नाही. त्यात पाच व्होल्टची लाइन असते.

आणि उंदीर. सोयाबीनची रास झाली की पोती ओसरीत, गाडी शेजारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझं निम्मं काम उंदरांचंच. प्रेशर स्विचच्या आणि पंख्याच्या वायरी त्यांना फार आवडतात. बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवा म्हणून सांगणारे बरेच आहेत. मी त्याच पानांचं केलेलं घरटं एअर फिल्टरच्या डब्यात बघितलंय, पिलांसकट. वायर जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो आणि पुढच्या मेमध्ये ‘दुपारी बंद’वाली तक्रार घेऊन तुम्हीच येता. सोल्डरचा डाग द्या, वरून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

नव्या गाड्यांबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच नव्या मॉडेलांत क्लच नसतोच. कंप्रेसर कायम फिरतो आणि आतला एक व्हॉल्व्ह किती गॅस ढकलायचा ते ठरवतो. त्या दोन वायरींना बॅटरीचा सरळ करंट देऊ नका, तिथं कॉम्प्युटर ठोक्यांनी करंट देतो, त्यासाठी स्कॅनर लागतो. इंजिन तापलं किंवा बॅटरीचा व्होल्टेज पडला तर कॉम्प्युटर स्वतःहूनच एसी तोडतो, म्हणून आधी पाण्याचं तापमान बघा, मग वायरी. आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की बोनेट बंद करा. तिथला कंप्रेसर काहीशे व्होल्टवर चालतो, ते रस्त्यावरचं काम नाही.

मिस्त्रीकडं जाताना “एसी चालत नाही” एवढंच सांगू नका. किती वेळानं बंद पडतो, थांबून निघाल्यावर पडतो की चालता चालता, तेव्हा ब्लोअरची हवा येते का, बटणाचा दिवा लागतो का, प्लेट फिरते का. मामांनी चहाचं सांगितलं नसतं तर मीही पिनेपर्यंत पोचायला दोन दिवस लावले असते. आणि जो दोष दुपारचा आहे ती गाडी दुपारीच आणा. संध्याकाळी सहाला निवलेली गाडी आणून “आता चालतोय बघा” म्हणणाऱ्यांना मी उद्या दोनला यायला सांगतो. दोनला माझी जेवायची वेळ असते, डबा उघडा असेल, पण गाडी तापलेली असू द्या.